त्याला मराठी कळणार न्हाय, असं मीच ठरवलं

मंडळी, आज दुपारी बेंगळूरहून बेळगावला येताना विमानात शेजारी एक दाढीवाला, टोपी घातलेला माणूस होता. डोळे मिटून सारखा पुटपुटत होता.

विमान सुटायच्या आधी मी थोरल्या बहिणीला फोन केला आणि त्याला कळू नये म्हणून मराठीत बोलले. "आक्का, शेजारी असला माणूस बसलाय, मला लई भ्या वाटायलंय."

फोन ठेवला, तसा तो हळूच म्हणाला, "ताई, मी बी बेळगावकडचाच, सदलग्याचा. पयल्यांदाच विमानात बसलोय, म्हणून दुआ म्हणतोय. तुमास्नी भ्या वाटत आसलं तर मागं जाऊन बसतो."

मी "नको नको" म्हणाले. बेळगाव येईपर्यंत मान वर झाली न्हाय.

मराठीसाठी भांडणाऱ्या घरात वाढले मी. ती त्याचीही असेल, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. तुमच्या आलं असतं?