ठाण्याच्या खाडीत मारलेली एक हाक

डोंबिवलीत जन्म गेला, पण ठाण्याची खाडी मी पुलावरूनच पाहिलेली. दिवाळी आटोपली, रोहित पक्षी आल्याची बातमी लागली आणि ऑफिसातला नरेश म्हणाला, "माझे बाबा होडी नेतात. जा की." एका रविवारी पहाटे स्कूटर काढली. माणकोली पुलावरून कोपरी, मध्ये पोह्यांची गाडी. तिथेच खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. डिझेलचे पाचशे आधीच ठरवा. पांढरे बूट घालू नका, मी घातले होते.

नरेशचे वडील, धर्माकाका, मोजकंच बोलतात. जनाकाकू, म्हणजे नरेशची आई, ओहोटीला चिखलात उतरून बिळांतली निवटी मासळी हातांनी पकडतात. त्यांच्या हातचं कालवण मी कितीदा ओरपलंय. काकांनी त्यांना पहाटेच चिखलावर सोडलं होतं. आता भरतीच्या आत परत आणायचं, त्या फेरीत मी पाहुणा.

"तिकरं नावानं हाक मारायची नाय," काकांनी बजावलं. "ती डबा वाजवते. त्याच्यावर जायचं."

मी मान डोलावली आणि मनात हसलो.

धुकं इतकं, की होडीचं टोक दिसेना. रोहित दिसले, पण नुसते पाय. वरचं अंग धुक्यात, खाली शेकडो गुलाबी काड्या आवाज न करता सरकत होत्या. मला ते अजिबात सुंदर वाटलं नाही. तिवरांच्या कडेला एक कोल्हा उभा होता. होडी अगदी जवळून गेली तरी हलला नाही, बघत राहिला. लांबून डब्याची टणटण येत होती, तेवढाच धीर.

मग टणटण थांबली.

पाणी चढायला लागलं होतं. मी ओरडलोच, "जनाकाकू, कुठे आहात?"

"इकरं हाय," डावीकडून लगेच उत्तर आलं. काकूंचाच आवाज.

"काका, डावीकडे घ्या."

काकांनी इंजिन बंद केलं. "ती नाय ती."

"अहो, मी ऐकलं ना. बुडतील त्या."

"गप बस."

डावीकडून पुन्हा आलं, "इकरं हाय." जरा लांबून. काका उजवीकडे कान लावून बसले होते. मग उजवीकडून एकदाच, टण.

काकू कमरेएवढ्या पाण्यात होत्या. पाय चिखलात रुतलेला, दोन्ही हात तो सोडवण्यात गुंतलेले, म्हणून डबा थांबलेला. आम्ही दोघांनी ओढून त्यांना होडीत घेतलं.

"माझी हाक ऐकली नाहीत?" मी विचारलं.

"ऐकली ना. पन खाडीत पयल्या हाकेला ओ कोन देतं? मी तोंड मिटूनच व्हते."

कोपरीला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि खाडी चारचौघींसारखी दिसत होती.

घरी बायको म्हणाली, पुलाला आपटून आवाज परत आला असेल. असेलही. पण मी विचारलं होतं "कुठे आहात", परत आलं ते उत्तर.

त्या आवाजाची भीती हळूहळू जाईल. जात नाही ती दुसरीच गोष्ट. सुकाणू माझ्या हातात असतं, तर मी अगदी खात्रीनं डावीकडे गेलो असतो. नरेशला हे अजून सांगितलेलं नाही.