पडावाचं भाडं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती आता उरली नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून हात धजतोय.

मी जामसरचा. दोनच बुकं शिकलो, पण गावात हिशेब मांडायचा तर मलाच हाक. त्याची घमेंड — होती. अजून आहे.

संस्थानचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आईने अंगावरच्या चांदीच्या वाक्या मोडल्या आणि म्हणाली, मला द्वारकेला ने. मी जव्हारला जाऊन एका अर्ज लिहिणाऱ्याला आगबोटीचं भाडं विचारलं. त्याने सांगितलं. वर म्हणाला, "नुसत्या तिकिटावर जाऊ नको रे बाबा, वरचा खर्च —"

मी त्याला तिथेच तोडला. "मला हिशेब येतो." काय गरज होती? घडीभर ऐकलं असतं तर?

माझा हिशेब असा — बैलगाडी, आगगाडी, बोटीचं जाऊन-येऊन तिकीट, आणि नागलीच्या भाकऱ्या घरच्या. झालं! बोटसुद्धा गाडीसारखी दारात उभी राहणार, हेच डोक्यात. आमच्यात समुद्र कुणी पाहिला होता?

बोटीवर गरम पाण्याला पैसा, हमालाला पैसा. तरी छाती काढून होतो. मग द्वारका आली — आणि बोट भर समुद्रात थांबली. काठ लांब. देवळावरचं निशाण तेवढं दिसत होतं. खाली पडाव, म्हणजे होड्याच, हेलकावत होत्या आणि पडाववाला माणशी भाडं मागत होता. जायचं वेगळं, यायचं वेगळं. माझ्या कमरेला परतीच्या गाडीपुरतेच पैसे.

आईने नवं लुगडं नेसलं होतं. शिडीचा दोर धरून उभी. "चल ना रं," म्हणाली.

इथवर चूक म्हणा. अडाणी माणसाची चूक. पण पुढचं?

बोटीवर ओळख झालेली वसईकडची एक म्हातारी सगळं समजली. हळूच म्हणाली, "माझ्यासंगं येऊ द्या त्यांना. भाडं मी देते, त्यात काय!" आणि मी — मी चार माणसांत मोठ्याने म्हणालो, "पैशाचं नाही हो. आईलाच चक्कर येते. तिलाच उतरायचं नाही."

आई दोन हातांवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. कसं, ते मला लिहिता येत नाही. मग दोर सोडला आणि त्या बाईला म्हणाली, "हां बाय, चक्करच येते."

पडाव गेला. आम्ही त्याच बोटीने माघारी फिरलो.

मी बोललो असं? माझ्या तोंडून? आजही भाकरी मोडता मोडता दचकतो.

आई पुढे बरीच वर्षं जगली. खोडाळ्याच्या बाजारात बाया तिच्या पाया पडत, विचारत, "मावशे, देवळाला पायऱ्या किती गं?"

ती म्हणायची, "मोजल्या नाय बाय, गर्दी लय होती."

मी शेजारीच असायचो. मान डोलवायचो.