काकाजींचा तपास

शेजारच्या काकाजींइतका वाईट प्रेक्षक मी दुसरा पाहिला नाही. रविवारी दुपारी आमच्याकडे व्हिडिओ लागला की पिक्चर कधी सरळ संपायचाच नाही. पडद्यावरचा गुप्तहेर खोलीत शिरून जरा खाली वाकला, की काकाजींचा हात वर जायचा. "थांबव वं सूनबाई. मागं घे. त्यानं काय उचललं ते पाहू दे." मी मागं घ्यायची. पुन्हा वाकणं, पुन्हा उचलणं. बाकीची मंडळी सुस्कारे सोडत. माझे दीर तर पान खायच्या नावाखाली उठत, ते परत येतच नसत.

दीरांनीच कुवेतहून व्हीसीआर आणला होता, पण त्याची बटणं मलाच जमायची. महाल भागातल्या एका कॅसेटवाल्याकडे जुन्या इंग्रजी गुप्तहेरपटांची अख्खी मालिका होती. सगळे काळेपांढरे, पडेल चेहऱ्याचा गुप्तहेर तोच, खून मात्र दर वेळी नवा. माझं बीए इंग्रजी घेऊन झालेलं, म्हणून भाषांतरही माझ्याच गळ्यात. "काय म्हणून राहिला तो?" असं काकाजींनी विचारलं की मी निम्मं समजून आणि निम्मं ठोकून सांगायची.

गल्ली त्यांना जासूस काकाजी म्हणायची, पण पाठीमागे. तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती, कारण ते जासूस कशापायी झाले हे सगळ्यांना माहीत होतं. विनू त्यांचा एकुलता एक, कॉलेजात शिकणारा. एका सकाळी सायकलीत हवा भरून आणतो म्हणून गेला, तो आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, नापास झाला असंही नाही. ठाण्यात फोटो देऊन झाला, पेपरात छापून झाला, इटारसीपासून गोंदियापर्यंत स्टेशनं हिंडून झाली. तोवर आयुष्यात टॉकीजची पायरी न चढलेले काकाजी मग आमच्या व्हिडिओसमोर येऊन बसायला लागले.

"माणूस असा गायब होत नाही," ते म्हणत. "काही ना काही मागं ठेवतेच. आपल्याले दिसत नाही, एवढंच."

म्हणून विनूची खोली त्यांनी कुणाला झाडू दिली नाही. पिक्चरमधला गुप्तहेर आल्या आल्या हेच बजावायचा ना, कशाला हात लावू नका म्हणून! दिवाळीत सारं घर चुन्यानं पांढरं व्हायचं, तेवढी खोली सोडून. काकू भांडायची, "माझं लेकरू आलं त् या धुळीत झोपन का?" काकाजींचं उत्तर ठरलेलं, "तो काहून गेला, ते त्या खोलीतच आहे."

आमच्याकडचा पिक्चर संपला की ते घरी जाऊन भिंग घेऊन त्या खोलीत उकिडवे बसत. मिळायचं काय? बसचं चुरगळलेलं तिकीट, शर्टाचं बटण, तुटकी पेन्सिल. कुठल्याही पोराच्या खोलीत मिळतं ते. प्रत्येक वस्तू रुमालात बांधून माझ्याकडे आणत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत. मला रडू यायचं, आणि पडद्यावरच्या त्या शहाण्याचा संतापही यायचा. त्याला काय, तासाभरात सगळं सापडायचं.

होता होता कॅसेटवाल्याकडचे सगळे भाग संपले. शेवटची कॅसेट मी मशीनमधून काढत होते, तेव्हा काकाजींनी विचारलं, "सूनबाई, अशी एखादी नाही का वं, जिच्यात त्याले सापडत नाही?"

"नाही काकाजी. तसली कोण बघणार?"

पडद्यावर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या, त्यांच्याकडे ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मंग याच्यात काही खरं नाही." चपला घातल्या आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्यानंतरच्याही नाही.

दिवाळीच्या तोंडावर मी चकल्यांचा सोऱ्या मागायला त्यांच्याकडे गेले. विनूच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बाहेर बाजेवर काकाजी बसलेले, आणि काकू झाडू घेऊन उंबऱ्यात उभी.

"झाडून टाक म्हटलं मी तिले," काकाजी माझ्याकडे न बघता बोलले. "चुनाबी मारून घे म्हटलं."

इतकी वर्षं याच एका गोष्टीसाठी भांडलेली बाई, पण आत पाऊल टाकेना. मला वाटलं दमली असेल. म्हटलं, "काकू, आणा इकडे, मी झाडते." तिनं झाडू छातीशी घट्ट धरला आणि तिथेच उंबऱ्यात बसली.

"तुम्ही नाही म्हणत होते तोवर बरं होतं जी," ती काकाजींना म्हणाली. "मले वाटे, तुम्हाले काहीतरी माहीत असन."

खोली तशीच राहिली. आता तिथे शोधायलाही कुणी जात नव्हतं.