लोणीहून तपकीर गल्लीला, यादी खिशात ठेवून

लोक काशीला जाऊन येतात, परदेशी लेकाकडे जाऊन येतात आणि त्याचं वर्णन लिहितात. मी लोणी काळभोरहून पुण्यात बुधवार पेठेत गेलो, परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन परत आलो. अंतर सहा कोसांचं. पण वाटेत जे पाहिलं ते आपल्या गावातल्या पुष्कळांनी पाहिलेलं नाही, म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथी, तीही परीक्षेला न बसता. चुका दिसल्या तर ज्याच्या त्याने सुधारून वाचावं, मला सांगायला येऊ नये.

जाण्याचं कारण माझी नात प्रज्ञा. कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला आहे. तिला गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा होता. गावातल्या सायबर कॅफेत ती मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायची. पोरं तिला कोपऱ्यातलं अडखळणारं मशीन द्यायची, तरी ती दुसरी-तिसरी यायची. तिचा बाप मिलिंद, म्हणजे माझा मुलगा, हिंजवडीत कंपनीत आहे. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. त्याचं म्हणणं, तयार कॉम्प्युटर आणू, अभ्यासापुरता. प्रज्ञाचं म्हणणं, तेवढ्याच पैशात सुटे भाग आणून घरी जोडलं तर दुप्पट ताकदीचं मशीन होतं.

मी चाळीस वर्षं विहिरींवर पंप बसवले. मोटार एका कंपनीची, पंप दुसरीचा, पाइप तिसरीचा, आणि पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत. मी म्हणालो, "जोडायचंच हाय ना, मग मी जोडून देतो."

मिलिंद हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ठीक आहे आबा. पुढच्या शनिवारी मी घरात पाऊल टाकीन तेव्हा चालू पाहिजे. नाही चाललं तर रविवारी सगळं परत करतो आणि अभ्यासाचं आणतो. मग गेमचं नाव काढायचं नाही."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून बसलो.

शुक्रवारी सकाळी निघालो. प्रज्ञाने वहीच्या पानावर यादी केली होती. सात वस्तू (पडदा आणि कीबोर्ड घरी आधीच होते), प्रत्येकीचं नाव, नंबर, प्रकार, सगळं नीट अक्षरात. मी ती तिच्या हातातून घेतली, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"आबा, यादी माझ्याकडे असू दे."

"यादी दुकानात दाखवायची नसते."

हा माझा जुना नियम आहे. पंचविशीत असताना मी पुण्यात एका दुकानदाराला यादी दिली होती. ती वाचून मला काय हवं ते त्याला कळलं नाही, मला किती कळत नाही ते कळलं. त्याने पडून राहिलेला सगळा माल माझ्या गळ्यात मारला. थेऊरच्या मळ्यात मोटार जळाली आणि ठपका माझ्यावर आला. तेव्हापासून थोडं एका दुकानात, थोडं दुसऱ्यात. कुठल्याच दुकानदाराला पुरतं काम कळू द्यायचं नाही.

फाट्यावर सहासीटर (मागे समोरासमोर बाकं असलेली मोठी रिक्षा) मिळाली. नावात सहा असले तरी आम्ही अकरा होतो. हडपसरच्या अलीकडे एका उसाच्या रानात बिल्डरचा फलक लागलाय, त्यावर पोहण्याच्या तलावाचं चित्र. त्या फलकाखाली विहीर आहे. मी प्रज्ञाला म्हणालो, "ह्या विहिरीत मी तीनदा उतरलोय. मळेवाले आपल्याला पाणी वरून वाढायचे, आपण शिवलो की त्यांना विटाळ व्हायचा. पंप काढायला त्याच पाण्यात उतरवताना मात्र विटाळ नव्हता."

"आबा, हे तुम्ही दर वेळी सांगता."

"विहीर दर वेळी येती."

हडपसरहून बसने शहरात. दगडूशेठच्या देवळासमोर फुलांचे हार, पेढे, मोबाइलची कव्हरं आणि माणसं एकाच मापाने सांडलेली. तिथून जवळच तपकीर गल्ली. नावाप्रमाणे तपकीर कुठे दिसली नाही. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की गल्ली संपते. डोक्यावर वायरींचा मांडव, दोन्ही बाजूंना कपाटाएवढी दुकानं, आणि उदबत्ती व वायरी जोडायच्या कथिलाच्या डागाचा मिळून एक वास. हा वास मला ओळखीचा. माझ्या वर्कशॉपला हाच होता. एकदम बरं वाटलं.

पहिल्या दुकानात चष्मा कपाळावर चढवून एक गृहस्थ पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "काय हवंय?"

"पॉवर सप्लाय."

"कशासाठी?"

"वीज द्यायला."

पेपर खाली आला. पॉवर सप्लाय म्हणजे घरातली वीज घेऊन मशीनच्या प्रत्येक भागाला झेपेल तेवढी वाटून देणारी पत्र्याची पेटी. त्यांनी चार खोकी मांडली. चारींवर एकच आकडा छापलेला, चारशे वॅट. मी एकेक पेटी तळहातावर तोलून पाहिली.

"आजोबा, वजनावर घ्यायला ही रद्दी नाही."

"आत तांबं आन् लोखंड घातल्याबिगर पेटी जड व्हत नाही. ही हलकी हाय ती फक्त लेबलावर चारशेची हाय."

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, हलकी पेटी उचलली, जड उचलली, आणि माझ्याकडे पाहिलं. "बसा," म्हणाले. "बाकीचं काय घ्यायचंय? यादी आहे का?"

पेठेतला दुकानदार आपण होऊन बसा म्हणतो ही गोष्ट लहान नाही. पण नियम तो नियम. जड पेटी आणि एक साधं कॅबिनेट (सगळं ज्यात बसतं ते खोकं) घेऊन मी पुढे निघालो. प्रज्ञा मागे वळून पाहत होती.

दुसऱ्या दुकानात बोर्ड आणि प्रोसेसर घेतला. नंबर तिला तोंडपाठ होते, तिने सांगितले, त्याने दिले. बोर्ड म्हणजे या सगळ्या कारखान्याची जमीन. प्रोसेसर हे इंजिन, आणि ते त्याच बोर्डावर बसतं ज्याला त्याच मापाची जागा आहे. हे प्रज्ञाकडून ऐकून मी म्हणालो, "म्हणजे आपलंच काम. फ्लँज (दोन पाइप जोडायची चकती) जुळली तर पाणी, नाहीतर गळती."

तिसऱ्या दुकानात ती चित्रं पळवणारं कार्ड आणि सगळं साठवून ठेवणारी हार्ड डिस्क निवडायला थांबली. मला वाटलं, आपणही एखादी वस्तू एकट्याने घ्यावी. समोरच्या दुकानात गेलो.

"दोनशे छप्पन्नची मेमरी द्या."

"बोर्ड कुठला?"

"चांगला हाय."

"जावईही चांगला असतो हो. मी नाव विचारतोय."

"तुम्ही मेमरी द्या."

त्याने दिली. भिंतीवर लिहिलं होतं, फोडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही. प्रज्ञा आल्यावर म्हणाली, "आबा, बघू?" मी म्हणालो, "फोडायचं नाही, घरी बघ." माझ्या आवाजात जो रुबाब होता तो आता आठवला की कानाची पाळी गरम होते.

दुपारी मिसळ खाल्ली. सँपल (वरून घ्यायचा रस्सा) मी तिसऱ्यांदा मागितल्यावर वाढपी म्हणाला, "आजोबा, मिसळ संपून बराच वेळ झालाय. पातेलंच आणू का?" मी आण म्हणालो. त्याने वाटीच आणली, पण भरून.

परत येताना प्रज्ञाने बोर्डाचं खोकं बाळंतिणीने मूल धरावं तसं मांडीवर धरलं होतं. सहासीटर खड्ड्यात गेली की ती खोकं अधांतरी उचलायची आणि स्वतः आदळायची.

शनिवारी सकाळी लवकर बसलो. आमच्याकडे दुपारभर लोडशेडिंग, वीज संध्याकाळी सहाला येते. त्याआधी सगळं जोडून तयार ठेवायचं ठरलं. प्रोसेसर सुरेख बसला. त्याला दाबावं लागत नाही, खुणेला खूण लावली की स्वतःच्या वजनाने उतरतो. मला ते फार आवडलं. मग मेमरी. ती म्हणजे बोटभर रुंद हिरवी पट्टी, बोर्डावरच्या लांब खोबणीत उभी बसवायची. बसेना. मी अंगठा ठेवला आणि जोर द्यायला खांदा पुढे घेतला.

प्रज्ञाने माझं मनगट धरलं. "आबा, तुम्हीच सांगता ना. खाच जुळत नसेल तर हातोडा नाही."

मी पट्टी उजेडात धरली. तिच्या खालच्या कडेला दोन खाचा होत्या. बोर्डाच्या खोबणीत उंचवटा एकच. दुरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती, एक जुनी, एक नवी. आमचा बोर्ड नव्या जातीचा, मी आणलेली जुनी.

"यादीत प्रकार लिहिला होता," एवढंच प्रज्ञा म्हणाली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. ती रडली असती तर मी रागावलो असतो. ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

मी चपला घातल्या. "चल."

"पाकीट फोडलंय आबा. परत घेणार नाहीत."

"चल म्हणतो ना."

बोर्ड टॉवेलात गुंडाळून पुन्हा तोच रस्ता. विहीर आली, गेली. मेमरीवाल्याने मला पाहिलं आणि बोटाने भिंत दाखवली. "काल नाव विचारलं तर चांगला म्हणालात. चांगल्या बोर्डाची मेमरी माझ्याकडे नाही."

तो बरोबर होता. मी गल्लीत उभा राहिलो. मागून हातगाडीवाला "ओ बाबा, बाजूला" म्हणत होता. मग मी वळलो आणि त्या पेपरवाल्या गृहस्थांच्या दुकानात गेलो. बंडीत हात घातला. यादीच्या घड्या घामाने मऊ झाल्या होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कागद दुकानदाराच्या हातात दिला.

"वाचा आन् काय चुकलं सांगा," म्हणालो.

त्यांनी बोट फिरवत सगळी यादी वाचली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या जुन्या दुकानदाराचं हसू मला अजून पाठ आहे, ते कुठून सुरू होतं ते माहीत आहे. ते आलं नाही.

"ही कोणी लिहिली?"

"नातीनं. ही."

ते प्रज्ञाला म्हणाले, "आपण लिहिलीत? यात काहीही चूक नाही. सगळं एकमेकांना जुळतंय. चूक ज्याने यादी खिशात ठेवली त्याची आहे."

"बरोबर हाय," मी म्हणालो. हा शब्द मी कुठल्याही दुकानात उच्चारला नव्हता.

त्यांनी माझी पट्टी पाहिली. "जुना प्रकार. जुनी मशीनं असलेली गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे, खपेल. बदलून न्या." नवी पट्टी त्यांनी आमच्या बोर्डावर स्वतः बसवून दाखवली. दोन्ही टोकांच्या पांढऱ्या कड्या टक् टक् करून मिटल्या. मग स्टूल पुढे सरकवलं. "आता तरी बसा. वजनावरून पेटी ओळखायची हे कुणी शिकवलं?"

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. जळालेलं तांबं वासावरून कसं ओळखायचं, ढिली गुंडाळी कशी गुणगुणते, व्होल्टेज पडल्यावर मोटार आधी कुठे तापते. ते मध्ये मध्ये विचारत होते. चहा आला.

बाहेर पडल्यावर प्रज्ञा म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तू विचारलं न्हाईस."

"विचारलं होतं. बाबांनी पण विचारलं होतं, लहानपणी. ते सांगतात."

खरं होतं. मिलिंद दहा वर्षांचा असताना पाना हातात घेऊन माझ्यामागे फिरायचा. मी म्हणायचो, बघ आणि शिक. तोंडाने काही सांगायचो नाही. कष्टाने मिळालेलं फुकट का द्यायचं, अशी समजूत.

घरी पोचलो, राहिलेलं जोडलं. सहाला वीज आली आणि पाठोपाठ दारात मिलिंद. खांद्यावर बॅग तशीच. प्रज्ञाने बटण दाबलं. पंखा फिरला, मग एक बारीक टूं आवाज आला, एकच. ती म्हणाली, एकच वाजलं म्हणजे सगळं जुळलं. मी कान लावून ऐकत होतो. पंखा एका सुरात चालला होता. पडद्यावर अक्षरं आली.

मिलिंदने बॅग खाली ठेवली. उघड्या खोक्यात वाकून बघत म्हणाला, "आबा, पॉवर सप्लाय एवढा जड का घेतला?"

मी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं. आधीपासून, थेऊरच्या जळलेल्या मोटारीपासून. त्याने मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

रविवारी शर्यत चालू झाली. प्रज्ञा पहिली आली, मिलिंद तीनदा कठड्यावर आदळला आणि चौथ्यांदा म्हणाला, "थांब, आत्ता जमतंय." मलाही खेळा म्हणाले. मी नको म्हणालो, मला बघण्यातच मजा आहे.

सहा कोसांच्या प्रवासात माणूस काय शिकणार असं कुणाला वाटेल. मला जायला दोन दिवस आणि त्याआधी चाळीस वर्षं लागली. कॅबिनेटचा पत्रा बंद करायच्या आधी मी प्रज्ञाकडून डिंक मागून घेतला, यादीच्या घड्या हाताने सपाट केल्या आणि ती पत्र्याला आतून चिकटवली, अक्षरं वाचणाऱ्याकडे करून. पुढे कधी हे खोकं कुणी उघडेल. त्याला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको.