पहिली मूठ

चर्चचा पाळक होण्याच्या अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी मला अमरावतीच्या एका वृद्धाश्रमात धाडलं. दर शनिवारी तिथल्या म्हाताऱ्यांना भेटायचं आणि सोमवारी अकोल्याला जाऊन मार्गदर्शक बाईंना भेटीचा अहवाल दाखवायचा. बाई स्वतः निवृत्त पाळक. अहवालाची रीत अशी, की मी काय बोललो, समोरचा काय बोलला, ते जसंच्या तसं ओळीखाली ओळ लिहायचं. मात्र खाटेशी बसून नाही. कागद काढला की माणसाला वाटतं, जबानी घ्यायला आला. नुसतं ऐकायचं आणि खोलीवर आल्यावर आठवून लिहायचं.

आठवण्यात मी स्वतःला फार तरबेज समजायचो. घडलं त्यापेक्षा मला जास्तच आठवायचं.

माझ्या वाट्याला आलेले आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दम्यानं छातीचा पिंजरा झालेला. मी दारात दिसलो की म्हणायचे, "काय बावा, आज कोणतं वचन आणलं? कडू हाये का गोड?" एकदा मी लांबलचक प्रार्थना करून डोळे उघडले, तर आजोबा घोरत होते. शेजारच्या खाटेवरचे म्हणाले, "चालू द्या साहेब, गोळीपेक्षा बरं लागू पडून राहिलं." अहवालात मी लिहिलं, 'आजोबांना प्रार्थनेतून शांती लाभली.'

एका शनिवारी त्यांनी माझं मनगट धरलं आणि मुलीचा विषय काढला. एकुलती एक. तिनं आपल्या मनानं, चर्चबाहेर लग्न केलं म्हणून यांनी तिला तोडलं होतं. ती अकोल्यात शिक्षिका होती. आजोबा बोलत होते, धाप लागली की थांबत होते. शेवटी म्हणाले, "हे तिले सांगजो. इसरू नको." मला शिकवलं होतं तशी मी मान डोलावली. कागद काढला नाही.

खोलीवर येऊन लिहिलं: 'आजोबा: मी माझ्या कन्येचा अपराधी आहे. माझे अंतःकरण तिच्यासाठी खुले आहे असे तिला कळवा. माझ्या अंत्यविधीसमयी तिला योग्य तो मान मिळावा.' लिहून झाल्यावर माझेच डोळे भरून आले.

सोमवारी बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"हा माणूस कंपाउंडर होता म्हणतोस?"

"हो."

"मग बिशपसारखा कसा बोलतो? यात म्हातारा कुठंय? वरच्या ओळीतही तूच, खालच्या ओळीतही तूच."

"आशय तोच आहे, बाई."

"आशय ठेव तुझ्याजवळ. त्याचे शब्द परत विचारून आण. आणि पोरीला निरोप आजच दे. इथंच राहते ना ती?"

इथंच, म्हणजे ऑटोनं दहा मिनिटं. मी गेलो नाही. फुगलो होतो. शनिवारी आजोबांकडून नीट शब्द घेऊ आणि मगच जाऊ, अशी स्वतःची समजूत घातली नि अमरावतीची एसटी धरली. बडनेरा येईपर्यंत मनातल्या मनात बाईंना उत्तरं देत होतो. एकाहून एक सरस.

गुरुवारी आजोबा गेले.

शुक्रवारी माती होती. आश्रमानं मुलीला फोन केल्याचं मला माहीत होतं. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. कबरस्तानाच्या फाटकात एक बाई उभी होती. आतही येईना, जाईनाही. मी लगबगीनं तिच्या हातात गीतांचं पुस्तक ठेवलं आणि पुढे झालो. कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. मला वचन वाचायचं होतं ना!

पेटी खाली उतरली. पाळकसाहेबांनी विचारलं, "घरचं कोणी आहे का?" कोणी हललं नाही. मग मीच पुढे झालो आणि मातीची पहिली मूठ टाकली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. माझ्यामागून बाकीच्यांनी टाकल्या. मी फाटकाजवळच्या नळावर हात धुतले.

ती बाई तिथंच होती. म्हणाली, "मी त्यायची मुलगी. बाबा तुमच्याजवळ काही बोलले म्हणे."

अहवाल पिशवीतच होता. मार्गदर्शक बाईंनी मारलेल्या लाल रेघांसकट मी तो तिच्या हातात दिला, आणि कबूल करतो, थोड्या ऐटीतच दिला. तिनं उभ्याउभ्या दोनदा वाचला.

"हे माह्या बाबाचं बोलणं नाही. कन्या? जन्मभर कार्टी म्हणत मले. कसे बोलले, ते सांगा."

"आशय असा की..."

"आशय नको, साहेब. बाबा कसे बोलले?"

कार्टी. तो शब्द कानावर पडला आणि ती खाट, ती धाप, मनगटावरची बोटं, सगळं परत आलं. आजोबा जिथं जिथं थांबले होते, तिथं तिथं थांबत मी सांगितलं.

"कार्टी आली होती तिच्या माईच्या मातीले. मीच फाटकातून वापस धाडली. एक मूठ टाकू देली नाही. मी गेलो का ते कार्टी येईन. फाटकातच उभी राहीन, मले मालूम हाये. बलावल्याबिगर आत येणार नाही. तू तिले बलावजो. पयली मूठ तिची. बाकीचे मंग."

मागे फावड्यानं कबर थापटत होते. तिनं गीतांचं पुस्तक मला परत दिलं.

"मंग पयली कोणी टाकली?"

"मी," म्हटलं.

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. तो अजून ओलाच होता.