तांदळाच्या कोठीतलं व्हायोलिन

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझ्या नाकात आधी आंबेमोहोर तांदळाचा वास येतो. तेव्हा मी भोरच्या ठाण्यात होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत असताना एक निवृत्त संगीतशिक्षक मुलाला घेऊन आत आले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांनी टेबलावर पेटी उघडली.

"हे माझं व्हायोलिन नाही. दुरुस्तीला दिलं होतं, परत आलं ते दुसरंच आहे."

मुलगा मागून मला खुणावत होता, मनावर घेऊ नका म्हणून. शेवटी तो बोललाच, "साहेब, रंग तोच, खरचटलेली जागासुद्धा तीच. वयाचं आहे सगळं. आता यांना डॉक्टरकडे नेणार आहोत."

गुरुजींचे डोळे भरून आले. "साहेब, वाद्य मिळालं नाही तरी चालेल. पण मला भ्रम झालेला नाही, एवढं सिद्ध करा."

ठाण्यात लोक गेलेली वस्तू मागायला येतात. हा माणूस आपली अक्कल शाबूत असल्याचा पुरावा मागत होता. मी तक्रार लिहून घेतली.

मूळ व्हायोलिन फार जुनं, युरोपातलं. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या बँडमास्तराने ते गुरुजींच्या गुरूंना दिलं होतं. दुरुस्ती करणारा वरवे बुद्रुकचा. हात चांगला आणि जीभ त्याहून गोड. चौकशीला बोलावला तर हसतच आला. "गुरुजी देवमाणूस हायेत साहेब, पण आता त्यास्नी काय आठवतंय? वंगाळ वाटतं बगून."

खोटा आळ आलेला माणूस चिडतो. हा कीव करत होता. कीव करणाऱ्या संशयिताला मी सहसा मोकळं सोडत नाही, पण हातात काहीच नव्हतं.

मग खबर आली. कामथडीचा एक टेम्पोवाला आमचा खबरी होता. तो म्हणाला, "साहेब, त्यो गडी माज्या टेम्पोतनं सासुरवाडीला गेला, हिर्डोशीला. मांडीवर उशीच्या खोळीत कायतरी व्हतं. खड्डा आला की पोटाशी धरायचा. लेकराला बी कुणी आसं धरत न्हाई."

दोन पंच घेऊन आम्ही हिर्डोशी गाठली. घर धुंडाळलं, काही नाही. शेवटी तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि खोळ लागली. आतलं व्हायोलिन पांढऱ्या पुडीने माखलेलं होतं. तांदळात किडा होऊ नये म्हणून आपल्याकडे लावतात, तीच बोरिक पावडर.

"ही कुणी लावली?" मी सासूबाईंना विचारलं.

"म्या लावली की! जावई म्हणलं, लई जुनं लाकूड हाय, जिवापाड जपा. मग किडा लागू दिऊ व्हय?"

जावयाने ठेवायला दिलेली सुपारीही सासू देवासारखी जपते. पंचनामा झाला. पण आरोपी बधेना. "ते म्या सवता बनवलंय साहेब. गुरुजींचं गुरुजींकडंच हाय. सासूनं जपावं म्हणून जुनं म्हणलो."

दोन्ही वाद्यं सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवली. तिथे लाकडाच्या रसायनाचा अभ्यास असलेल्या एक बाई होत्या. गुरुजींकडचं व्हायोलिन नव्या लाकडाचं निघालं, जुनेपणा फक्त रंगात. हिर्डोशीच्या व्हायोलिनमध्ये मात्र टाकणखार सापडला, म्हणजे बोरिकचाच भाऊबंद. आरोपी लगेच म्हणाला, "ती तर तांदळाची पूड!"

पण बाईंनी कपची घेतली होती ती सांध्याखाली झाकलेल्या भागातून, लाकडाच्या पार आतून. तिथे टाकणखाराबरोबर तुरटी आणि चुनाही होता. त्या म्हणाल्या, "जुने कारागीर लाकूड किडू नये म्हणून अशा खारांच्या पाण्यात मुरवत असावेत. खार आत शिरून लाकूड घट्ट होतं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ओल धरणारा अंश झडत जातो, लाकूड हलकं होतं, आवाज मोकळा होतो. पूर्ण कोडं अजून आम्हालाही सुटलेलं नाही."

मी थक्क झालो. कुठला तो परमुलखातला कारागीर, कुठली ही हिर्डोशीची सासू! दोघांना भीती एकाच किड्याची, आणि दोघांचं औषधही एकाच घरातलं. आयुष्यभर मी माणसं बोलती केली, पण लाकूड बोलताना पहिल्यांदा पाहत होतो.

आरोपीला समोर बसवलं. "पूड वरून लावली ना? मग तुरटी आणि चुना लाकडाच्या पोटात कसा गेला?"

त्याचं हसू मावळलं. म्हणाला, "इकायचं नव्हतं साहेब. तारा चढवून एकदा वाजवलं आन् येडा झालो. परत द्यायला हातच हुईना, म्हून तसंच दुसरं बनवून दिलं."

त्याचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याचा मोह मला कळलाही.

न्यायालयाच्या हुकुमाने व्हायोलिन परत द्यायचं ठरलं. ते घ्यायला गुरुजी मुलासह आले, तेव्हा नक्कलही टेबलावर होती. सही करण्याआधी त्यांनी दोन्ही वाद्यं मुलाच्या दोन हातांत दिली. मुलाने दोन्ही हात वरखाली करून वजन पाहिलं.

"हे हलकं आहे, बाबा," तो हळूच म्हणाला.

"तेच सांगत होतो रे."

मग गुरुजींनी ते हनुवटीखाली धरून एकच सूर लावला. कोठडीवरचा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. मुलाने वडिलांचे पाय धरले.

प्रयोगशाळेला लाकडाच्या पोटात शिरून जे सापडलं, ते गुरुजींच्या हातांना वाद्य उचलताक्षणी कळलं होतं. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे कुणी म्हातारं माणूस "हे माझं नाही" म्हणत आलं, की मी घरच्यांना बाहेर बसवायचो आणि आधी त्याचं ऐकायचो.