खिरीचा मेल्ट फ्लो

आता हसायचं तर हसा, पण हातातला चहा सांभाळा! मुलगी बघायला गेलेला शहाणा माणूस तिच्या खिरीची तपासणी करतो का? मी केली!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीत ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात केमिस्ट. प्लॅस्टिकचे दाणे यंत्रात वितळवायचे, वरून वजन ठेवायचं आणि खालून किती वाहतंय ते बघायचं. ह्याला म्हणतात मेल्ट फ्लो. एवढ्याशा ज्ञानावर मी तालुकाभर मिरवायचो.

मामांनी इंदापूरचं स्थळ आणलं. सुनंदा नाव. फोटो बघूनच मी गार! काहीही करून हे जमायलाच हवं होतं. मामा म्हणाले, "त्वांड बंद ठेव, जमंल."

बसलो. हातात शेवयाच्या खिरीची वाटी आली. आणि मुलीच्या वडलांनी, तात्यांनीच विषय काढला. "पाव्हणं, आमच्या उसातल्या ठिबकच्या नळ्या तडकत्यात. त्ये कशानं वं?"

झालं! मला कशाला आणखी आमंत्रण?

"तात्या, प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे ह्या शेवया समजा. लांब असल्या की एकमेकींत गुंततात. वितळल्यावर हळू वाहतात, पण नळी दणकट! आणि आखूड असल्या की..." मी चमचा तिरका केला. खीर सर्रकन वाटीत. "बघा! नुसते तुकडे! ह्याची नळी उन्हाळाभर टिकायची नाही. असला माल आम्ही घेतच नाही!"

मामांनी मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, शाबासकी!

तात्यांच्या मिशा थरथरल्या. "आवं, खीर आमच्या पोरीनं केलीया!"

"मग तर फारच उत्तम उदाहरण!" असं मी म्हणालो. खरंच म्हणालो हो!

दारात सुनंदा उभी, हातात खिरीचं पातेलं. शांतपणे म्हणाली, "तात्या, ह्यास्नी सांगा, खीर प्यायची आसती. तिची नळी काढायची न्हाय."

तात्या खो खो हसले, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मग मान खाली घालून मी वाटीवर वाटी खीर संपवली. बहुतेक त्यावरच जमलं.

लग्न झालं. उंबऱ्यावर बायकांनी नवरीला नाव घ्यायला अडवलं. मी कॉलर ताठ करून उभा. सगळं वऱ्हाड कान देऊन. आणि बाईसाहेब म्हणतात कशा,

"आखूड रेणू सरसर वाहत्यात, लांब रेणू गुंतून ऱ्हात्यात,
रमेशराव बोलाय लागलं, की पाव्हणं उठून जात्यात!"